गुणपत्रिकेत उगवणारी फुले

पेटुनियाचा शेंडा कधी खुडायचा, हे एरवी झाड ठरवते. फांदी लांबत चालली, फुले फक्त टोकाला उरली, की शेंडा चिमटीत धरून मोडायचा. मग बाजूने फुटवे येतात आणि झुडूप पुन्हा भरते. फुलस्पर्धेत उतरलेल्या गावात मात्र हा निर्णय कॅलेंडर घेते. परीक्षक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येणार असतील, तर तिथून तीन-चार आठवडे मागे मोजायचे आणि त्या सुमाराला सगळ्या कुंड्या एकजात खुडायच्या. मधले काही दिवस गाव बोडके दिसते. येणारा-जाणारा विचारतो, यंदा फुलांना झाले तरी काय? काहीच झालेले नसते. गाव परीक्षेला बसलेले असते, एवढेच.

गावागावांतली, शहराशहरांतली ही फुलांची चढाओढ तशी फार जुनी नाही. आयर्लंडने १९५८ साली ‘टायडी टाउन्स’, म्हणजे नीटनेटकी गावे, ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी ५२ गावे उतरली आणि डॉनेगॉल परगण्यातले ग्लेन्टीज हे लहानसे गाव पहिले आले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये फुललेल्या शहरांची आणि गावांची राष्ट्रीय स्पर्धा आली. रॉय हे (Roy Hay) नावाचे ब्रिटिश बागकाम-पत्रकार फ्रान्सला सुटीवर गेले होते. तिथले फुललेले रस्ते पाहून परतल्यावर त्यांनी जो ध्यास घेतला त्यातून १९६३ मध्ये ‘ब्रिटन इन ब्लूम’ उभी राहिली, आणि १९६४ मध्ये पहिली स्पर्धा झाली. जर्मनीत १९६१ पासून ‘आपले गाव अधिक सुंदर व्हावे’ या नावाची स्पर्धा भरू लागली. १९७५ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनने एकमेकांशीच स्पर्धा लावली, तिची पुढे युरोपभरची ‘आंतांत फ्लोराल’ झाली. अशी स्पर्धा कॅनडात १९९५ मध्ये आली, अमेरिकेत २००१ मध्ये.

या स्पर्धांबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: किती सुंदर, किती एकोपा, आपल्याकडेही असे हवे. दुसरा नाक मुरडणारा: दिखाऊपणा नुसता, पाण्याची नासाडी, पी हळद अन् हो गोरी. मला दोन्ही सूर अपुरे वाटतात, कारण दोघेही फुलांकडे बघतात. बघायला हवे परीक्षकाच्या हातातल्या कागदाकडे. परीक्षेला जे विचारतात तेच विद्यार्थी वाचतो. गावाचेही तसेच. कोणत्या गोष्टीला किती गुण, हे ज्याने ठरवले त्याने गावात काय लावले जाणार, किती पाणी लागणार आणि मधमाशीला काही मिळणार की नाही, हेही ठरवून टाकले. या स्पर्धा बंद करा असे मी म्हणणार नाही. भांडायचेच असेल तर त्यांच्या गुणपत्रिकेशी भांडावे.

आधी जुनी गुणपत्रिका कुणी लिहिली ते पाहू. फ्रान्समधली स्पर्धा पर्यटन खात्याच्या छायेत जन्मली, ब्रिटनमधली पर्यटन मंडळाच्या, आयर्लंडमधली तिथल्या ‘बोर्ड फॉल्चा’ या पर्यटन मंडळाच्याच. म्हणजे तीन देशांत गावाकडे बघणारा पहिला डोळा पाहुण्याचा होता. पाहुणा गावात किती वेळ थांबतो? मोटारीतून उतरतो, मुख्य रस्त्याने फिरतो, चार फोटो काढतो, निघतो. त्याला दिसायचे तर फुले मुख्य रस्त्यावर हवीत, डोळ्यांच्या उंचीला हवीत, भडक हवीत आणि तो येईल त्या आठवड्यात फुललेली हवीत. पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली ढकलला जातो, तसे या गावांत मागच्या गल्लीचे होई. आजही ब्रिटनमध्ये परीक्षकांचा मार्ग गावच आखते. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, कुठून कुठे न्यायचे तेही ठरलेले. मधली नकोशी वाट टाळण्यासाठी परीक्षकांना गाडीतून पुढच्या बागेपर्यंत नेले, तर त्याला लबाडी कोण म्हणेल? नियमच तसा आहे.

या पाहुण्याच्या नजरेचे सगळ्यांत नेमके अपत्य म्हणजे विजेच्या खांबावर लोंबणारी हँगिंग बास्केट. तिच्याकडे जरा जवळून बघू. तारेची अर्धगोल टोपली, आतून शेवाळाचे किंवा काथ्याचे अस्तर, त्यात हलकी कुंडीमाती. कडेने लोबेलिया आणि पेटुनिया खाली सोडलेल्या, मधोमध जिरॅनियम. चारही बाजूंनी वारा लागतो, वर ऊन, खाली जमीन नाही. मूठभर मातीत दहा-बारा रोपांची मुळे एकमेकांना कोपराने ढकलत बसलेली. उन्हाळ्यात हिला रोज पाणी हवे, फार तापले तर दिवसातून दोनदा. म्हणून पहाटे टाकी जोडलेली गाडी निघते आणि लांब नळीच्या टोकाला वाकडी तोटी लावून माणूस एकेका खांबाशी थांबत जातो. एक दिवस चुकला की टोपली माना टाकते. ऑक्टोबरमध्ये सगळे उपटून खताच्या ढिगावर. पुढच्या वर्षी नवी माती, नवी रोपे.

त्या हलक्या मातीची गोष्ट निराळीच सांगायला हवी. कित्येक दशके ती म्हणजे मुख्यतः पीट. दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो. वीतभर खोल टोपली भरायची तर सुमारे दोनशे वर्षांचा थर लागला, असा ढोबळ हिशेब निघतो. ढोबळच, कारण खणून मोकळे केलेले पीट फुगते. पण सहा महिन्यांच्या शोभेसाठी काही पिढ्यांची साठवण उपसली, हे काही त्याने खोटे ठरत नाही. शिवाय दलदलीत कार्बन कोंडलेला असतो, तो उपशाबरोबर मोकळा होतो. आता पीटविरहित मातीकडे बरीच वाटचाल झाली आहे, आणि तीत बागायतदारांचाही हात आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

एकाच परीक्षेसाठी सगळी गावे एकाच मार्गदर्शिकेतून अभ्यास करू लागली की आणखी एक गोष्ट होते. सगळीकडे तीच दहा झाडे. इम्पेशन्स, म्हणजे ब्रिटनमध्ये ज्याला लाडाने ‘बिझी लिझी’ म्हणतात ते, सावलीतही भरभरून फुलणारे, म्हणून गावोगावचे वाफे त्यानेच भरत. २०११ मध्ये त्याच्यावर डाउनी मिल्ड्यू या रोगाची मोठी साथ आली. द्राक्षवाल्यांना हे नाव परके नाही, त्यांच्या बागेतल्या रोगाचाच हा दूरचा भाऊबंद. पाने पिवळी पडली, गळाली, वाफ्यांत नुसत्या काड्या उरल्या. अनेक मोठ्या विक्रेत्यांनी ते रोप विकणेच थांबवले. एका हंगामात शेकडो वाफ्यांचा आधार गेला. रोग कुठेही येतो, त्याचा दोष स्पर्धेला देता येणार नाही. पण सगळे एकदम उघडे पडतील अशी पेरणी मात्र एकसारख्या गुणांनी करून घेतली होती.

आणि मधमाशी? तिला परीक्षकांनी कित्येक वर्षे विचारलेच नाही. दुहेरी पाकळ्यांच्या जाती लोकांना आवडतात. फूल कसे गेंदेदार दिसते. पण त्या जादा पाकळ्या बहुधा पुंकेसरांच्याच झालेल्या असतात. परागकण नाहीत, मकरंदापर्यंत वाट नाही. ताट मांडलेले, वाढलेले काही नाही. ब्रिटनमधल्या रानफुलांच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के १९३० च्या दशकापासून नाहीशी झाली आहेत. शेते सगळी गवताची आणि धान्याची, कुरणे गेली, आणि गावात यावे तर तिथे गेंदेदार फुले. कीटकाने जावे कुठे?

इथपर्यंत वाचून नाक मुरडणारे खूश झाले असतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे.

त्यांचे म्हणणे असते, लावूच नका काही. गवत वाढू द्या, रानफुले येतील. निसर्गाच्या हिशेबाने हे बरोबर आहे. माणसांच्या हिशेबाने नाही. गुडघाभर गवत पाहिले की गावकऱ्याला कुरण दिसत नाही, दुर्लक्ष दिसते. पालिकेने वाऱ्यावर सोडलेली जागा, असेच तो वाचतो, मग कुणीतरी तिथे बाटली टाकतो, दुसरा पिशवी टाकतो. अमेरिकेतल्या भूदृश्य-अभ्यासक जोन नासॉवर यांनी १९९० च्या दशकात यावर नेमके बोट ठेवले. अस्ताव्यस्त दिसणाऱ्या निसर्गाभोवती निगराणीच्या खुणा हव्यात, म्हणजे लोक तो खपवून घेतात, असा त्यांचा मुद्दा. खुणा म्हणजे काय, तर कुरणाच्या कडेने हातभर रुंदीची नीट कापलेली पट्टी, एखादे कुंपण, एखादी पाटी. माणूस इथे येऊन गेला आहे, त्याने हे मुद्दाम असे ठेवले आहे, एवढे कळले की पुरते. आता विचार करा, बसथांब्याजवळची जिरॅनियमची कुंडी हीदेखील तशीच खूण नाही का? ती मधमाशीला फारसे देत नाही, पण शेजारच्या कुरणाला संरक्षण देते. म्हणून मी कुंडी फेकायला तयार नाही. पन्नास कुंड्यांऐवजी पाच ठेवा, हे मात्र म्हणेन.

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या नगर परिषदेने २०२४ च्या सुरुवातीला हँगिंग बास्केटऐवजी अधिक टिकाऊ लागवड करायचे ठरवले, तर केवढा गहजब झाला. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी. टोपल्यांवर एवढे रडायचे काय, अशी थट्टाही झाली. मला ती थट्टा उर्मट वाटली. बऱ्याच माणसांसाठी ती टोपली म्हणजे आपल्या गावाकडे कुणाचे तरी लक्ष असल्याचा एकमेव दिसणारा पुरावा असते. तो पुरावा काढून घ्यायचा असेल तर जागी दुसरा द्यावा लागतो, आणि तो तितकाच ठळक हवा.

आता गुणपत्रिका बदलली तर काय होते, याची उदाहरणे. ही माझी कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे. ब्रिटनची स्पर्धा २००२ पासून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आली. आज बागकामाच्या जोडीला पर्यावरणाचे आणि लोकसहभागाचे गुण तिथे वेगळे मोजले जातात. फ्रान्समध्ये गावांच्या वेशीवर पिवळी पाटी असते, तिच्यावर एकापासून चारपर्यंत लाल फुले. साडेचार हजारांच्या आसपास गावांना आणि शहरांना हा मान आहे. सुरुवातीला ही फुले शोभेची होती. आता पाणी कसे वापरता, माती कशी राखता, झाडांची निवड हवामानाला धरून आहे का, लोकांचे राहणे सुखाचे होते का, हे सगळे विचारले जाते. त्याला कायद्याची जोड मिळाली: १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये सार्वजनिक बागांत आणि रस्त्यांवर रासायनिक कीटकनाशके-तणनाशके वापरायला पालिकांना बंदी झाली. फरसबंदीच्या फटीतून उगवलेले गवत काल गुण कमी करणारे होते, आज ते फवारणी थांबल्याची साक्ष झाले. एवढा उलटा फेर कुठल्या प्रबोधनाने झाला असता, मला सांगा.

जर्मनीने तर नावच बदलले. त्या स्पर्धेमागे होते काउंट लेनार्ट बर्नाडोट, बोडन सरोवरातल्या माइनाउ बेटाला फुलांनी प्रसिद्ध केलेले, जर्मन बागायत संस्थेचे अध्यक्ष. पहिली काही दशके गावे खिडक्यांत जिरॅनियम लावून आणि अंगणे गुळगुळीत करून स्पर्धेत उतरत. त्यावर टीकाही भरपूर झाली: सुंदर करण्याच्या नादात गावाचे गावपणच घासून काढले जाते. हळूहळू प्रश्न बदलले. तरुण गावात टिकतात का? रिकाम्या घरांचे काय केले? आज तिचे नाव आहे ‘आपल्या गावाला भविष्य आहे’. ‘सुंदर व्हावे’ आणि ‘भविष्य आहे’ या दोन नावांत पन्नास वर्षांचे शहाणपण आहे. फुले गेली नाहीत, फक्त ती परीक्षेचा एक पेपर झाली. पूर्वी अख्खी परीक्षाच ती होती.

या सगळ्यांत मला सर्वांत पटते ती आयर्लंडची रीत, आणि तिच्यात फुलांचा संबंध सर्वांत कमी. तिथे परीक्षक न सांगता येतो. उन्हाळ्यात कधीतरी, एकटा, गावाला पत्ता न लागू देता तो फिरून जातो. मागच्या गल्लीतून फिरायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. नंतर प्रत्येक गावासाठी लेखी अहवाल येतो, गुणांसकट, आणि तो कुणालाही वाचता येतो. नदीकाठची भिंत छान दुरुस्त केली, पण दुकानाची पाटी गंजली आहे; शाळेपाशी लावलेली झाडे चांगली, पण बुंध्याशी तणनाशक मारलेले दिसते, ते नको. असल्या बारीकसारीक गोष्टी. गाव तो अहवाल वर्षभर वापरते. गेल्या वर्षीपेक्षा दोन गुण वाढले की आनंद, शेजारचे गाव कितीवे आले ही चर्चा नंतर. अलीकडे त्या देशाच्या परागवाहक कीटकांविषयीच्या आराखड्याला या स्पर्धेने हात दिला. २०१५ पासून तो आराखडा सांगतो आहे की वसंतात डँडेलियनची पिवळी फुले कापू नका, थंडीतून उठलेल्या मधमाश्यांचा तो पहिला घास असतो. जे तण उपटण्यात स्वयंसेवकांची आयुष्ये गेली, तेच राखायचे! ज्यांनी गावाच्या गुणांसाठी चाळीस वर्षे तण उपटले, तीच माणसे आता गुणांसाठी ते राखतात. यात ढोंग आहे का? असेल थोडे. पण मधमाशीला हेतू विचारायची सवय नाही.

स्पर्धा मुळात हवीच कशाला, हा प्रश्न उरतो. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावाने २००८ मध्ये कुठल्याही बक्षिसाशिवाय सार्वजनिक जागांत भाज्या आणि औषधी झुडपे लावायला घेतली. पोलीस ठाण्यासमोर मका, रेल्वे स्थानकावर मसाल्याची झुडपे, हवे त्याने तोडून न्यावे. ‘इनक्रेडिबल एडिबल’ या नावाने ती कल्पना देशोदेशी गेली. तेव्हा चढाओढीशिवाय काही होत नाही असे कुणी म्हणू नये. पण ही चळवळ सुरू करणाऱ्यांतल्या पॅम वॉरहर्स्ट यांच्यासारखे माणूस प्रत्येक गावाला भेटत नाही. टॉडमॉर्डनला ठाम बोलणारी, लोकांना ओढून आणणारी माणसे मिळाली. साध्या गावाला तारीख लागते. अमुक दिवशी अर्ज, तमुक दिवशी परीक्षक. तारखेशिवाय समिती जमत नाही आणि समितीशिवाय तिसऱ्या वर्षी पाणी घालायला कुणी नसते. या स्पर्धांनी गावांना दिलेली खरी वस्तू हीच आहे: दर महिन्याला भेटणारी दहा-पंधरा माणसे, त्यांच्यापैकी एकाकडे चावी, एकाकडे नळी, एकाकडे हिशेबाची वही.

ही माणसे बहुधा निवृत्त असतात, हे या जगाचे उघड दुखणे. गुडघे दुखतात, खाली वाकून वाफे करणे दरवर्षी जड जाते. दरवर्षी उपटून नव्याने लावायची हंगामी रोपे त्यांच्याकडून दुप्पट कष्ट मागतात. बहुवर्षायू झाडे, झुडपे, कंद एकदा लावले की काही वर्षे बिनबोभाट येत राहतात. पर्यावरणाचे कारण क्षणभर बाजूला ठेवले तरी समितीच्या गुडघ्यांसाठी गुणपत्रिका बदलायला हवी, असे मी म्हणेन.

पैशाचा मुद्दा मात्र गुणपत्रिकेने पुरता सुटत नाही. बहुतेक ठिकाणी गट लोकसंख्येवरून पडतात, म्हणजे खेडे महानगराशी भिडत नाही. पण दोन हजार वस्तीचे श्रीमंत गाव आणि दोन हजार वस्तीचे, कारखाना बंद पडलेले गाव, एकाच गटात. एकाकडे प्रायोजक रांगेत उभे, दुसऱ्याकडे दुकानांची अर्धी शटरे खाली. पहिल्या क्रमांकाचा चषक एकच असेल तर तो कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. फ्रेंच पाटीची पद्धत इथे बरी: ठरलेली पातळी गाठली की फूल मिळते, शेजाऱ्याला मिळाले म्हणून तुमचे कमी होत नाही. आणि एकदा मिळाले की कायमचे, असेही नाही. वरच्या पातळीच्या गावांची तिसऱ्या वर्षी फेरतपासणी होते, ढिलाई दिसली तर फूल जातेही. ब्रिटनमध्येही पदके अशीच पातळीवर मिळतात, पण वर गटातला एक विजेता ठेवलेला आहेच. तो काढून टाकावा. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहराने ही स्पर्धा इतक्यांदा जिंकली की त्यातून गुलाब चांगले येतात यापलीकडे कुणी काही नवे शिकले असेल, असे वाटत नाही.

आणि माझी शेवटची मागणी, जी परीक्षकांना मुळीच आवडणार नाही. एक फेरी फेब्रुवारीत ठेवा. इंग्लंडच्या काही प्रादेशिक स्पर्धा वसंतातही एक चक्कर मारतात, त्याच्याही थोडे आधी, आणि आयरिश पद्धतीने, न सांगता. खांबांवरचे टोपल्या टांगायचे आकडे तेव्हा रिकामे लोंबत असतील. त्यांचे गुण नकोत, पण त्यांच्याखाली काय आहे ते बघा. झाडाच्या बुंध्याशी स्नोड्रॉपच्या फुलांचे पांढरे ठिपके दिसतात का, मागच्या उन्हाळ्यातल्या कुरणाचे वाळलेले दांडे किड्यांना थंडी काढायला उभे ठेवलेत का, की सगळे कापून, झाडून, काळ्या पिशव्यांत भरून झाले? आणि बघता बघता कुणी बाकाशी वाकून काही करताना दिसले, तर त्याला विचारा, पुढची बैठक कधी आहे.